होडीवाल्याचे दात

माझा मामा दात करतो. डॉक्टर नाहीये तो. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडात तो गुलाबी लगदा कोंबून माप घेतात, ते माप मामाकडे येतं आणि मामा त्यावरून कवळी बनवतो. औषधांच्या दुकानाच्या वर एक खोली आहे, ती त्याची लॅब. लॅब म्हटलं की चकाचक काहीतरी डोळ्यांपुढे येतं, पण तसलं काही नाही. एक लांब टेबल, वितळलेल्या मेणाचा वास, पॉलिशची घरघरणारी मोटर आणि भिंतीवरच्या फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले. संध्याकाळी मामा जिना उतरतो तेव्हा त्याच्या भुवया प्लॅस्टरच्या पुडीने पांढऱ्याफेक असतात. मामी खालच्याच औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, ती तिथूनच ओरडते, "अहो, झटका ते आधी! माझे सासरे आले वाटलं मला!"

मामाच्या लक्षात चेहरे राहत नाहीत. दात राहतात. रस्त्यात कुणी अनोळखी आजोबा हसताना दिसले की मामा मला कोपर मारतो आणि हळूच म्हणतो, "आपलं काम." एवढंच. आजोबांना पत्ताही नसतो की त्यांना हसवणारा माणूस बाजूने गेला.

आणि हा माणूस पिक्चरवेडा आहे. रविवारी दुपारी जेवणं झाली की मामाच्या घरी पिक्चर लागतो म्हणजे लागतो, मग पाहुणे येवोत नाहीतर पाणी जावो. मामा त्याच्या वेताच्या खुर्चीत आणि मी शेजारी लॅबमधून रिटायर झालेल्या गोल फिरत्या स्टुलावर. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून ते स्टूल माझं आहे. मामी मागे टेबलावर आठवड्याचे कपडे इस्त्री करत उभी असते. "मला कुठं कळतात तुमचे पिक्चर," असं म्हणते आणि वाफ उडवते.

पिक्चर संपला की कुणी बोलायचं नाही. चहा येतो, पहिला घोट जातो, मग तोंड उघडायचं. मामाचा नियम आहे तो. "जिभेला आधी चटका, मग मत," म्हणतो. चहा प्यायल्यावर तो निकाल देतो. आणि तो निकाल मी सोमवारी कॉलेजात माझा म्हणून देते. देत होते.

मामा पिक्चरची नावं कधीच घेत नाही. त्याने प्रत्येकाचं बारसं स्वतःच केलंय. त्याचा सगळ्यात आवडता आहे 'बोळकी'. त्यात एक म्हातारी जिन्याच्या पायरीवर बसून कवळी काढून ठेवते आणि मग हसते. पूर्ण पिक्चरमध्ये तेवढंच एक भारी आहे, बाकी गोष्ट कुठून कुठे जाते ते दिग्दर्शकालाही कळलं नसावं. थिएटरला आठवडाभरही टिकला नाही तो. पण मामा म्हणतो, "अगं, ती खरी बिनदाताची हसली! कुठली हिरोईन करेल हे?" दुसरा आवडता 'बर्फगाडी', ज्यात दोघं मित्र बर्फाच्या लाद्यांचा ट्रक घेऊन जातात आणि बर्फ वितळत जातो. त्यात एका सीनला कॅमेरावाल्याची अख्खी सावली रस्त्यावर दिसते. मी ती दाखवली तर मामा म्हणाला, "दिसू दे की. तोपण बर्फाला सोबत जातोय."

आणि जे पिक्चर सगळं जग डोक्यावर घेतं ते मामाला चालत नाहीत. लढाईचा तो प्रसिद्ध पिक्चर, ज्यातले सैनिक गवत खाऊन जगतात, त्याचं नाव 'टूथपेस्ट'. "गवत खाऊन असे दात? मीही उद्यापासून गवतच खातो." तीन बहिणी एकाच घरात रडत राहतात तो 'गळका नळ'. पण मामाचा खरा दात आहे तो 'होडीवाल्या'वर. हा पिक्चर म्हणजे सगळ्या पिक्चरांचा बाप, असं आमचे प्रोफेसर म्हणतात, पेपरवाले म्हणतात, आईही म्हणते. मामा म्हणतो, "फुगवलेला फुगा. त्या हिरोच्या पुढच्या सहाही दातांवर नकली पांढऱ्या टोप्या आहेत. दुष्काळातल्या नावाड्याला टोप्या! पिक्चर तिथेच बुडाला." म्हणून आम्ही तो कधी लावलाच नाही. मीही बघितला नाही. मामाने बघितलाय ना, मग मी कशाला बघू? कॉलेजात कुणी होडीवाल्याचं नाव काढलं की मी नाक मुरडून म्हणायचे, ओव्हररेटेड. समोरचा गप्प.

एक जण सोडून. कुरळी.

कुरळी आमच्या वर्गातली, हॉस्टेलवर राहते, केस असे की मागच्या बाकावरच्याला फळा दिसत नाही. ती म्हणाली, "का ओव्हररेटेड?" मी म्हटलं दात. ती हसली नाही, तिने डोळे मोठे केले. "हे तुझं मत नाही. कोण म्हणतं असं? मला भेटायचंय त्या माणसाला."

आणि मी, अक्कल गहाण ठेवल्यासारखी, तिला रविवारी घेऊन गेले. मला मिरवायचं होतं ना मामाला. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात म्हणतात, मी धोंडा हॉस्टेलवरून रिक्षाने आणला.

दारातून आत आली आणि मामा म्हणाला, "ये ये, बस," आणि हात कुठे केला? माझ्या स्टुलाकडे. ठीक आहे, पाहुणी आहे, मी खाली चटईवर बसले. त्या दिवशी 'बर्फगाडी' लावला होता. चहाचा पहिला घोट झाला आणि मामा म्हणाला, "काय, कसा वाटला?"

"मधला भाग कापायला हवा होता," कुरळी म्हणाली. "आणि ती कॅमेऱ्याची सावली म्हणजे नुसता गलथानपणा आहे, मामा."

मला वाटलं आता हिचं काही खरं नाही. पण मामा खुर्चीत पुढे सरकला. त्याचा चेहरा असा उजळला, जसा मी इतक्या रविवारांत एकदाही पाहिला नव्हता. "गलथानपणा? बरं. मग बोळकीबद्दल काय म्हणणंय तुझं?" आणि मग ते दोघं चहा थंड होईपर्यंत भांडत बसले. मी मध्ये दोनदा बोलले. दोनदा मामा म्हणाला, "हो गं, थांब जरा."

थांब जरा! मला!

मी इतकी वर्षं त्याच्या हो ला हो करत आले. तो म्हणाला फुगा, मी म्हटलं फुगा. तो म्हणाला नळ, मी म्हटलं नळ. आणि ही कोण कुठली येते, नाही म्हणते, आणि हिचं कौतुक!

पुढच्या रविवारी ती आली. त्याच्या पुढच्याही. मी बोलावलं नव्हतं, मामाने सांगितलं होतं, "हिला आण गं." तीच स्टुलावर, मी चटईवर. स्टूल ती वर करायची, कारण तिची उंची जास्त, आणि मी नंतर हळूच जाऊन ते फिरवून माझ्या मापाचं करून ठेवायचे. पुढच्या वेळी परत वर. ती 'बोळकी' म्हणायला लागली, 'टूथपेस्ट' म्हणायला लागली. आमची नावं! बाहेरच्या माणसाच्या तोंडात! घरी मी भांडी आपटली तर आई म्हणाली, "काय गं धुमसतेस ओल्या लाकडासारखी? तुझा मामा म्हणजे काय शाळेतला डबा आहे का, दुसऱ्याने खाल्ला म्हणून रडायला?"

"तुझा भाऊ आहे तो," मी म्हटलं. "तुला काहीच वाटत नाही?"

"मला भरपूर वाटलं होतं. तू जन्मल्यावर, तो तुझ्यातच रमला तेव्हा," आई म्हणाली आणि भांडी माझ्या हातातून काढून घेतली.

पण कहर झाला तो टोपणनावाचा. मामा मला लहानपणापासून पटाशी म्हणतो. पुढचे दात मोठे होते म्हणून. त्या रविवारी कुरळीने त्याचं काहीतरी मत असं फाडून टाकलं की मामी इस्त्री धरून हसायला लागली, आणि मामा गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "ही सुळा आहे, सुळा! लचका तोडते!"

सुळा. म्हणजे मला नाव मिळालं दिसण्यावरून आणि तिला मिळालं डोक्यावरून. त्या दिवशी माझा चहा तसाच राहिला. मला तिला हरवायचं होतं. कशात, ते माहीत नव्हतं. मला माझं स्टूल परत हवं होतं.

गेल्या रविवारी संधी आली, म्हणजे मला वाटलं आली. 'गळका नळ' बघून झाला होता. चहा झाला, आणि कुरळीने होडीवाल्याचा विषय काढला.

"मामा, दातांचं सोडा. पण शेवट? तो शेवटचा सीन तरी तुम्ही मानायलाच हवा."

मामा कपात बघायला लागला. "शेवट... शेवट जरा ताणलाय."

"ताणलाय? कुठे?"

मामाने रिकामा कप परत तोंडाला लावला. पहिल्यांदाच कुरळीसमोर तो गप्प बसला होता, आणि मला असा जोर चढला! आता मामाच्या बाजूने उभं राहायचं, आता त्याला कळेल आपलं माणूस कोण. मी चटईवरून उठलेच.

"ताणलाय म्हणजे काय, पार चिंधड्या केल्यात! तो बुडून मरतो ते किती ओढूनताणून आहे! मरायचं तर मर ना बाबा पटकन!"

"तेच तर!" मामा लगेच म्हणाला. त्याला एकदम धीर आला होता. "मरण फारच ताणलंय. बरोबर बोलली पटाशी."

मी कुरळीकडे असं बघितलं, असं बघितलं! आणि ती आमच्याकडे बघत होती. एकदा माझ्याकडे, एकदा मामाकडे.

"पण तो मरत नाही," ती म्हणाली.

मामीची इस्त्री हवेतच थांबली.

"होडी उलटते ते मध्यंतराच्या आधी. मध्यंतरानंतर तो परत येतो ना. शेवटी तर..." आणि ती थांबली. तिला कळलं. तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही बघितलाच नाहीये? दोघांनीही?"

मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मला चटईसकट पोटात घ्यावं. मी मामाकडे बघितलं. मामाचे कान लाल झाले होते. भुवया पांढऱ्या, कान लाल. आणि मागून मामी हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग तिने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि खुर्चीचा आधार घेऊन हसत सुटली.

"सांगा की," ती म्हणाली. "सांगा पोरींना. का मीच सांगू?"

"अगं, कशाला जुनं उकरतेस," मामा पुटपुटला.

मामीनेच सांगितलं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. मामा तेव्हा दुसऱ्याच्या लॅबमध्ये दात बनवायला शिकत होता. दोघं पहिल्यांदा एकत्र पिक्चरला गेले, तो हा होडीवाला. मामी होडीत अशी गुंतली की आजूबाजूला काय चाललंय याची शुद्ध नव्हती. होडी उलटली, हिरो पाण्याखाली गेला, मामी ढसाढसा रडायला लागली, आणि नेमकं तेव्हाच मामाने प्रेमाने शेंगदाण्यांचा पुडा पुढे केला. मामीने बघितलंही नाही. हात झिडकारला आणि म्हणाली, "थांबा ना हो!" पुडा उडाला, शेंगदाणे पुढच्या रांगेतल्या टकलावर.

"लगेच मध्यंतर झालं," मामी म्हणाली, "आणि हे म्हणाले, दुसरा पुडा घेऊन येतो. ते गेले ते गेलेच. बाहेर स्कूटरवर जाऊन बसले. पिक्चर सुटेपर्यंत."

"मग तू बाहेर नाही गेलीस बघायला?" मी विचारलं.

"का जाऊ? मला पिक्चर बघायचा होता."

कुरळी फिस्सकन हसली. मी हसले नाही. मला 'थांबा ना' ऐकू येत होतं. मला ते कुठे लागलं असेल ते नेमकं ठाऊक होतं, कारण मला ते तिथेच लागलं होतं, थांब जरा, हो गं, थांब जरा.

"एवढंच असतं तर चाललं असतं," मामा एकदम बोलला. खालमानेने. "पण ही बाहेर आली. डोळे सुजलेले, चेहरा असा... आणि मला म्हणते काय, किती सुंदर दात आहेत हो त्याचे!"

"होतेच सुंदर," मामी म्हणाली.

"मी सहा महिने मेण कोरत होतो अगं! तू माझं एक तरी काम बघायला आली होतीस का तोवर? आणि त्याचे सुंदर!"

म्हणजे तिथून आलं होतं ते सगळं. सहा टोप्या, दुष्काळ, फुगवलेला फुगा. ज्या मतावर मी कॉलेजात लोकांची तोंडं बंद केली ते मत एका माणसाने स्कूटरवर बसून, जळून, पिक्चरच्या बाहेर बनवलेलं होतं. आणि मी ते गळ्यात घालून फिरत होते.

मला मामाचा राग यायला हवा होता. पण तो तिथे असा बसला होता, हातातला रिकामा कप फिरवत, आणि मला तो इतका माझा वाटला की काय सांगू. आम्ही दोघं एका माळेचे मणी. दुसरं कुणी आवडलेलं आम्हाला सहन होत नाही, बस.

"आणि म्हणून तू मागे उभी असतेस?" मी मामीला विचारलं. "इस्त्री घेऊन?"

"मला कुणी बस म्हटलंच नाही," मामी म्हणाली. हसतच म्हणाली, पण मामाचा कप फिरायचा थांबला. "एकदा पिक्चर आवडला तर यांनी तोंड फिरवलं. म्हटलं, नको, उभ्यानेच बघू. कपडे तरी होतात."

कुरळीने बॅगेतून हार्ड डिस्क काढली आणि टीव्हीला लावली. कुणी विचारलं नाही काय लावतेस. नाव आलं, पाणी आलं, होडी आली. कुरळी वळून स्टुलाकडे आली, मीही त्याच वेळी उठले होते, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत स्टुलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. मी तर एक हात ठेवलाही होता त्याच्यावर. आज माझाच हक्क होता, आज नक्कीच.

मामा खुर्चीतून उठला. त्याने स्टूल आमच्या मधून ओढून घेतलं, गरागरा फिरवून खाली केलं, मामीच्या मापाचं, आणि स्वतःच्या खुर्चीला चिकटवून ठेवलं.

"बस," तो म्हणाला.

"माझे दोन शर्ट राहिलेत," मामी म्हणाली.

"माझेच आहेत ना? चुरगळलेले घालीन. बस गं."

मामी बसली. मी आणि कुरळी चटईवर. उशी एकच होती, तिने अर्धी माझ्याकडे सरकवली आणि मी ती घेतली, पण तिच्याकडे बघितलं नाही. एवढ्यात नाही बघणार होते.

खरं सांगू? पिक्चर भारी आहे. पहिला अर्धा तास मी दात धरून बसले होते की आवडू द्यायचा नाही, पण नाही जमलं. होडी उलटते तिथे मामी परत रडली, आणि मामाने हात पुढे केला नाही की काही दिलं नाही, नुसता तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने पडद्याकडे बघितलं आणि पुढचं सगळं पहिल्यांदा बघितलं. हिरो पाण्यातून वर येतो तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकला. शेवटी होडीतली एक बाई नावाड्याच्या हातातून वल्हं काढून घेते, आणि जन्मभर दुसऱ्यांना पलीकडे सोडणारा तो माणूस प्रवाशासारखा होडीत बसतो. बसतो आणि हसतो. मोठ्ठं हसतो, पूर्ण जबडा दिसतो.

पिक्चर संपला. नियमाप्रमाणे कुणी बोललं नाही. चहा करायला मामी उठायला लागली तर मामाने तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि मला म्हणाला, "पटाशी, तू टाक. सुळा, तू कप धू." आम्ही गेलो. ओट्याशी कुरळी हळूच म्हणाली, "तुला वाईट वाटलं का गं?" मी म्हटलं, साखर दे. मग तिने साखर दिली आणि मी म्हटलं, "हो. खूप." ती म्हणाली, "माझ्या घरी कुणी पिक्चर बघत नाही. कुणीच." मी तिच्या कपात आलं जास्त टाकलं. आता ते प्रेमाने टाकलं की रागाने, मला अजून कळलेलं नाही.

चहा आला. मामाने पहिला घोट घेतला, जीभ भाजली, फुंकर मारली. आम्ही तिघी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"वरच्या सहा टोप्याच आहेत," तो म्हणाला.

मामीने कपाळाला हात लावला.

"पण खालचे," मामा म्हणाला, परत एकदा फुंकर मारून, "खालचे खरे आहेत. आणि चांगले आहेत."

"निम्मे तरी मानलेत हो!" मामी म्हणाली आणि त्याच्या भुवईवरची पांढरी पूड बोटाने झटकली. रविवार होता, लॅब बंद होती, पूड कुठली असणार? ते केस आता खरंच पांढरे झालेत. मामी तरीही झटकत राहिली.

आणि मी चटईवर बसून बघत होते. माझं स्टूल, माझा मामा, माझा रविवार. कुरळीवरचा राग त्या आल्याच्या चहाबरोबर कुठेतरी उतरला होता, पण पोटातलं दुखणं काही गेलं नव्हतं. आता ते मामीकडे वळलं होतं. आणि मामी काही हॉस्टेलवाली नाही की परीक्षा झाल्यावर गावाला जाईल.